टॅप का मोडतो?



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून सकाळच्या वेळी जावे. किती आवाज कानावर पडतात! लेथची घरघर, ग्राइंडरची किरकिर, हातोड्याचे ठोके. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतही तेच. या सगळ्या गलबल्यात एक लहानसा आवाज असतो. "टक्!" बाहेरच्या माणसाला तो ऐकूही येत नाही. पण कारागिराच्या छातीत धस्स होते. तो आवाज टॅप मोडल्याचा असतो.

आम्ही काही यंत्रशाळेतले कारागीर नव्हे. आम्ही शाळामास्तर. पण रात्रीच्या वर्गाला येणारी पुष्कळ मंडळी कारखान्यांत काम करतात. त्यांच्याशी बोलताना आम्हांला एक गोष्ट दिसून आली. टॅप मोडला की कोणी म्हणतो, "आज वारच वाईट." कोणी म्हणतो, "त्याचा हातच जड आहे." आम्ही म्हणतो, तसे नाही. टॅप मोडण्याला कारण असते. आणि बहुतेक वेळा ते कारण टॅप हातात घेण्याच्या आधीच घडलेले असते. ते कसे, हे आज पाहू.

टॅप मोडला म्हणजे किती गेले?

समजा, एक पोलादी फ्लँज आहे. आधी पोलाद कापले. मग लेथवर लावून त्याचे तोंड साफ केले, घेर नीट केला. मग खुणा केल्या. आठ भोके मारली. आता त्या भोकांत आटे पाडायचे. सात भोकांचे आटे नीट पडले. आठव्या भोकात टॅप मोडला आणि अर्धा तुकडा आतच अडकला.

आता काय करणार? ड्रिल घालून तुकडा काढू म्हणावे, तर टॅप ड्रिलइतकाच कठीण. ड्रिलचेच तोंड जाते. म्हणजे पोलाद गेले, लेथवाल्याची मेहनत गेली, भोके मारणाऱ्याची मेहनत गेली. माल आज द्यायचा होता, तो वायदाही गेला. टॅपाची किंमत थोडी, पण त्याच्यापायी जाणाऱ्या जॉबची किंमत फार. शिवाय ज्याच्या हातून मोडला, त्याला बोल लागतो तो वेगळाच.

तार वाकते, सुई मोडते

आटे म्हणजे काय? पन्हाळ्याचा घाट डोंगराला वळसे घालीत वर चढतो. तशीच बोल्टाच्या अंगावर एक वाट गोल फिरत चढलेली असते. तिला आपण आटे म्हणतो. बोल्टाला आटे बाहेरून असतात, भोकाला आतून. भोकातले आटे कापणारे हत्यार म्हणजे टॅप.

टॅपाने पोलाद कापायचे, म्हणून तो पोलादाहून कठीण असावा लागतो. तो हाय स्पीड स्टीलचा करतात आणि त्याला पाणी देऊन कठीण करतात. पण जी वस्तू फार कठीण, ती ठिसूळही असते. घरात करून पाहा. साधी तार वाकवली तर वाकते. सुई वाकवायला गेलात तर मोडते. टॅप हा सुईच्या जातीचा.

टॅपाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, ताकदीपेक्षा जास्त पिळणे. दुसरी, बाजूला वाकवणे. पुढे आम्ही जी कारणे सांगणार आहोत, ती सगळी या दोहोंपैकी एकात येऊन मिळतात. एवढे ध्यानात धरले म्हणजे बाकीचे समजायला सोपे.

पहिले कारण : भोक लहान

हे कारण सर्वांत मोठे. म्हणून इथे जरा थांबू.

टॅपाच्या दांड्यावर काही आकडे कोरलेले असतात. ते इंग्रजी आकडे असतात. ते वाचायला शिका. समजा, लिहिले आहे : एम १० × १.५. यातील 'एम' म्हणजे मेट्रिक, मिलिमीटरचे माप. १० म्हणजे बोल्टाची जाडी १० मिलिमीटर. १.५ म्हणजे पिच. एका आट्याच्या माथ्यापासून दुसऱ्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिच. ते इथे दीड मिलिमीटर आहे.

आता भोक किती मारायचे? हिशेब अगदी सोपा आहे. जाडीतून पिच वजा करा.

१० वजा १.५, उरले ८.५. म्हणून भोक ८.५ मिलिमीटरचे.

नेहमी लागणारी मापे अशी :

एम ६, पिच १. भोक ५ मिलिमीटर.
एम ८, पिच १.२५. भोक ६.८ मिलिमीटर.
एम १०, पिच १.५. भोक ८.५ मिलिमीटर.
एम १२, पिच १.७५. भोक १०.२ मिलिमीटर.

ही मापे जाड अक्षरांत कागदावर लिहून ड्रिल मशीनजवळच्या भिंतीवर लावावीत. पाठ असली तरी लावावीत.

काही जण म्हणतात, "मास्तर, भोक जरा लहानच बरं. आटे खोल पडतात, बोल्ट घट्ट बसतो." ऐकायला बरे वाटते, पण हिशेब तसा नाही. वरच्या मापाने भोक मारले तर आटे सुमारे पाऊण खोलीचे पडतात. त्याऐवजी पूर्ण खोलीचे पाडले, तर ताकद वाढते फक्त विसाव्या हिश्श्याइतकी. पण ते पाडायला टॅपावर जोर पडतो सुमारे तिप्पट. म्हणजे रुपयाला पाच पैसे नफा, आणि बैलाच्या पाठीवर तिप्पट ओझे. असा धंदा कोण शहाणा करील?

सूत आणि मिलिमीटर

भोक लहान पडते ते नेहमी हट्टाने पडते असे नाही. पुष्कळदा मापांची गल्लत होते. ती आपल्या कोल्हापुरात कशी होते, ते पाहा.

कोल्हापूरने एके काळी ऑईल इंजिने बनवून मोठे नाव मिळवले. नदीकाठच्या शेतीला पाणी आणि उसाच्या घाण्याला जोर या इंजिनांनी दिला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे उद्यमनगरात आजही आदराने घेतात. पुढे विजेचे पंप आले आणि इंजिने मागे पडली. कारखाने ओतीव कामाकडे, मोटारींच्या आणि यंत्रांच्या सुट्या भागांकडे वळले. पण जुनी हत्यारे पेटीत राहिली. जुने मेस्त्री इंच आणि सूत या मापांत बोलत. आठ सुतांचा एक इंच. तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास.

इंचाच्या या आट्यांना आजही 'व्हिटवर्थ' म्हणतात. जोसेफ व्हिटवर्थ हा एक इंग्रज यंत्रकार होता. त्याच्या आधी ज्याचा त्याचा आटा निराळा. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ साली व्हिटवर्थने सर्वांसाठी एकच माप सुचवले. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्यानंतर हळूहळू मिलिमीटरचे आटे आले. पण जुनी यंत्रे दुरुस्त करायला इंचाचे टॅप अजून लागतात. त्यामुळे एका पेटीत दोन्ही जातींचे टॅप शेजारी शेजारी पडलेले असतात. दिसायला भाऊ-भाऊ, पण माप वेगळे.

मग काय होते, ऐका :

"मेस्त्री, टॅप मोडला बघा."

"भोक कितीचं मारलंस?"

"आठचं."

"आणि टॅप कुठला घातलास?"

"दहाचा. काल आठच्याच भोकात गेला की सरळ!"

"अरे, काल होता तो तीन सुताचा. हा दहा एम. एम.चा. दांड्यावरचं वाचलंस का?"

तीन सुताच्या व्हिटवर्थ टॅपाला ८ मिलिमीटरचे भोक बरोबर. एम १० ला मात्र साडेआठचे लागते. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. नखाच्या जाडीएवढा. पण तेवढ्याने टॅपाचे सगळे अंग भोकात आवळले जाते आणि तो पिळून मोडतो. यात हात जड नव्हता की वार वाईट नव्हता. दांड्यावरचा आकडा वाचायचा राहिला, एवढेच.

म्हणून आमचे सांगणे आहे : इंचाचे टॅप एका डब्यात, मिलिमीटरचे दुसऱ्या डब्यात. डब्यावर चिठ्ठी. ड्रिलवरचा आकडा झिजून गेला असेल, तर व्हर्नियरने मोजल्याशिवाय ते लावू नये.

दुसरे कारण : टॅप तिरका

भोक सरळ आणि टॅप तिरका गेला, तर टॅप आतल्या आत वाकतो. वाकला की सुईची गत.

पहिल्यांदा जॉब वाईसमध्ये पक्का आवळावा. भोकाचे तोंड मोठ्या ड्रिलने किंचित उघडून घ्यावे. त्याने टॅपाला नीट बसायला जागा मिळते. टॅप उभा धरून दोन फेरे द्यावेत आणि थांबावे. हँडल काढून टॅपाला गुण्या लावून पाहावा. एकदा समोरून, एकदा बाजूने. तिरका असेल तर टॅप उलटा काढून पुन्हा सरळ सुरू करावा. आत गेलेला टॅप दाबून सरळ करू नये. तो सरळ होत नाही, मोडतो.

हँडल दोन्ही हातांनी धरावे आणि जोर सारखा लावावा. गाडीचे दोन बैल सारखे ओढतात, तेव्हा गाडी चाकोरीत राहते. एकच हात जोर करू लागला, की टॅप त्या बाजूला कलतो.

हँडल टॅपाच्या मानाने असावे. एम ६ सारख्या बारीक टॅपाला हातभर हँडल लावले, तर हाताला काहीच जोर जाणवत नाही आणि टॅपावर मात्र पहाड कोसळतो. बारीक टॅपाला लहान हँडल. पान्याने किंवा पकडीने टॅप फिरवणे तर मुळीच नको. तिथे जोर एकाच बाजूने येतो.

तिसरे कारण : कीस अडकला

टॅप पोलाद कापतो, तेव्हा लोखंडाचा कीस निघतो. टॅपाच्या अंगाला उभ्या खाचा असतात. कीस त्या खाचांत साठतो. खाचा भरल्या, की पुढचा कीस जाईल कुठे? तो टॅप आणि आटे यांच्या मध्ये शिरतो आणि पाचरीसारखा बसतो. टॅप जाम होतो. माणूस आणखी जोर करतो. आणि टक्!

यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवले की कीस तुटतो आणि हाताला कट् असे जाणवते. ते जाणवल्याशिवाय पुढे जाऊ नये. खोल भोकात तर मधूनमधून टॅप पुरा बाहेर काढावा आणि ब्रशने साफ करावा. कीस बोटाने काढू नये, बोट कापते. तोंडाने फुंकू नये, डोळ्यांत उडतो.

मशीनवर लावायचे काही टॅप निराळे असतात. त्यांच्या खाचा अशा कापलेल्या असतात, की कीस आपोआप पुढे किंवा वर निघून जातो. त्यांना मागे फिरवावे लागत नाही. पण हाताने मारायच्या साध्या टॅपाला वरचाच नियम.

हाताच्या टॅपांचा संच तिघांचा असतो. पहिल्याचे तोंड लांबवर निमुळते, दुसऱ्याचे कमी, तिसऱ्याचे जवळजवळ नाहीच. पुष्कळ संचांत दांड्यावर खूण असते : एक रेघ पहिल्याला, दोन रेघा दुसऱ्याला, तिसऱ्याला रेघ नसते. तिघांनी काम वाटून घ्यायचे असते. घाईत पहिला सोडून एकदम तिसरा घातला, तर तिघांचे ओझे एकट्यावर पडते.

चौथे कारण : तेल नाही

पोलादात आटे पाडताना तेल पाहिजेच. त्याने घासणे कमी होते आणि टॅपाची धार टिकते. कटिंग ऑईल असेल तर उत्तम. ते टॅपावर आणि भोकात, दोन्हीकडे घालावे. एकदा घालून विसरू नये.

सर्व धातूंना एकच नियम नाही. बिडाला तेल लागत नाही. बिडात ग्रॅफाइट असते, तेच वंगणाचे काम करते. उलट तेल घातले तर बिडाचा चुरा चिखलासारखा खाचांत बसतो. ॲल्युमिनियमला रॉकेल चालते. म्हणून काल बिडाच्या जॉबवर कोरडे काम झाले, तसे आज पोलादावर करू नये.

पाचवे कारण : बंद भोकाचा तळ

काही भोके आरपार असतात, काही बंद. बंद भोकात टॅप तळाला टेकला आणि तरी आपण फिरवीत राहिलो, तर तो मोडणारच.

भोक नेहमी आट्यांपेक्षा खोल मारावे. एम १० चे आटे १५ मिलिमीटर पाहिजेत, तर भोक २२-२३ मिलिमीटर खोल असू द्यावे. उरलेल्या जागेत कीस पडतो आणि टॅपाचे निमुळते तोंड मावते. मग टॅपावर खोलीची खूण करावी. रंगाची रेघ ओढावी किंवा चिकटपट्टी लावावी. खूण भोकाच्या तोंडाशी आली की थांबावे.

आटे तरी किती खोल पाहिजेत? नट पाहा. एम १० च्या नटाची उंची साधारण ८ मिलिमीटर, आणि तेवढ्यात तो पुरा बोल्ट धरून ठेवतो. म्हणून पोलादात बोल्टाच्या जाडीइतके किंवा थोडे जास्त आटे पुरतात. बिडात दीडपट घ्यावेत. नकाशात मागितले नसताना उगाच खोल जाणे म्हणजे टॅप पणाला लावणे.

सहावे कारण : बोथट हत्यार, कडक पोलाद

बोथट टॅप कापत नाही, रेटतो. त्याच्या दातांवर बोट न फिरवता उजेडात पाहावे. धारेवर पांढरी चकाकी दिसली, दात तुटलेला दिसला, तर तो टॅप बाजूला ठेवावा. 'अजून एक भोक निघेल' या लोभात जॉब जातो. ड्रिलही धारदार पाहिजे. बोथट ड्रिल भोकाची आतली बाजू घासून तापवते. मग ती कडक होते आणि टॅपाला जड जाते.

पोलादाच्या जातीही पुष्कळ. साधे एम. एस. मऊ असते. ईएन ८ त्याहून कडक, ईएन २४ आणखी कडक. स्टेनलेसची खोड अशी, की नुसते घासले तर ते जागच्या जागी कडक होते. तिथे धारदार टॅप, भरपूर तेल आणि न घासता नीट कापणे, हे तिन्ही पाहिजे. कडक पोलादात भोक जरा मोकळे घेता येते. एम १० ला ८.५ ऐवजी ८.६ चालते, आटे मापातच राहतात. मात्र हे मेस्त्रींना विचारून करावे.

हाताला कळते, त्याचे ऐका

टॅप मोडण्याआधी सांगतो. हँडल फिरते, पण टॅप पुढे जात नाही. हाताला रबर पिळल्यासारखे वाटते. कुरकुर आवाज येतो. ही त्याची हाक आहे. अशा वेळी आणखी जोर करू नये. थांबावे. हळूच मागे फिरवावे. निघत नसेल तर तेल घालावे, थोडे मागे, थोडे पुढे असे हलवावे. टॅप बाहेर आला की भोक मोजावे आणि कीस काढावा. यात पाच मिनिटे जातात. मोडलेल्या टॅपापायी अर्धा दिवस जातो.

मोडलाच तर?

हातोडा उचलू नका. टॅपाचे कपचे उडतात आणि डोळा जाऊ शकतो. आधी चष्मा घाला. तुकडा भोकाबाहेर दिसत असेल, तर पकडीने धरून उलटा फिरवून पाहावा. आत असेल, तर खाचांत पाय घालून फिरवायचे एक हत्यार मिळते, ते वापरावे. ते नसेल तर पंच लावून हलके हलके उलट बाजूला सरकवावे.

जॉब ॲल्युमिनियमचा असेल, तर एक जुनी युक्ती आहे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तुरटीचे दाट पाणी करून गरम ठेवतात आणि जॉब त्यात बुडवतात. तुरटी लोखंडी टॅपाला हळूहळू खाते, ॲल्युमिनियम राहते. याला कित्येक तास लागतात. पोलादाच्या जॉबला हे करू नये. तिथे तुरटी टॅपाबरोबर जॉबही खाईल.

पोलादाचा महाग जॉब असेल, तर ठिणगीच्या यंत्रावर न्यावा. विजेच्या ठिणग्यांनी ते टॅपाचा तुकडा कुरतडून काढते आणि आटे बचावतात. ठिणगीने धातू कापण्याची ही रीत १९४३ साली रशियात लाझारेन्को या पती-पत्नींनी शोधून काढली. पण त्याला पैसे पडतात. न मोडणे हेच स्वस्त.

आता उलट विचार करून पाहा. सहा कारणांतले एकही दैवाचे नाही. प्रत्येक कारण डोळ्यांनी दिसते, मापाने कळते किंवा हाताला जाणवते. नवीन मुलाच्या हातून टॅप मोडला, तर त्याला बोल लावण्याआधी मेस्त्रींनी त्याचे भोक मोजावे आणि त्याला टॅपावरचा आकडा वाचून दाखवायला सांगावे. रागावून हात हलका होत नाही. कारण कळले म्हणजे होतो.

लक्षात ठेवा

१. टॅपाच्या दांड्यावरचा आकडा आधी वाचा.
२. जाडीतून पिच वजा करा, तेवढे भोक मारा.
३. इंचाचे आणि मिलिमीटरचे टॅप वेगळे ठेवा.
४. दोन फेरे झाले की गुण्या लावा.
५. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.
६. पोलादाला तेल, बीड कोरडे.
७. बंद भोकात खोलीची खूण करा.
८. हाताला अडले की थांबा.

उजळणी

१. एम १६ च्या टॅपाचा पिच २ आहे. भोक किती मिलिमीटरचे मारावे?
२. एम २० च्या टॅपाचा पिच २.५ आहे. भोक किती?
३. ८ मिलिमीटरच्या भोकात एम १० चा टॅप का घालू नये?
४. तुमच्या कारखान्यात मागच्या वेळी टॅप कशाने मोडला असेल? वरच्या सहा कारणांपैकी एक निवडा आणि दोन ओळींत लिहा.

(उत्तरे : १ला प्रश्न, १४ मिलिमीटर. २रा प्रश्न, १७.५ मिलिमीटर. तिसऱ्याचे उत्तर धड्यात शोधा. चौथ्याचे तुमच्यापाशीच आहे.)